तळचा एक चमचा

मित्रांनो, मी एक जुनी, काठाला टवका उडालेली चिनी मातीची बरणी आहे. बरणी म्हटल्याबरोबर तुमच्या तोंडाला लोणच्याचे पाणी सुटले असेल. सुटू द्या, पण मी त्यातली नव्हे. माझ्या बहिणी लोणच्याला गेल्या. त्या वर्षातून एकदा भरायच्या आणि वर्षभर फळीवर मिरवायच्या. मी दह्याला गेले, म्हणजे रोजची नोकरी आणि सुट्टीचे नाव नाही.

माझा जन्म भट्टीतला. वरून तपकिरी, खालून पांढरी, असे माझे रूप. ज्या कामगाराने मला रंगात बुडवले त्याच्या अंगठ्याचा ठसा माझ्या बुडाशी अजून आहे. मला विकत घेतले ते दोन मुलींच्या आईने. घरात त्या मुलींना थोरली आणि धाकटी म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. आता दोघींचे केस पांढरे झाले, तरी माझ्या तोंडात तीच नावे बसली आहेत.

ज्यांच्या घरी दही पिशवीतून येते त्यांच्यासाठी थोडे सांगते. कोमट दुधात कालच्या दह्याचा एक चमचा घालतात, त्याला विरजण म्हणतात. कालचे दही परवाच्या दह्यावर लागलेले असते आणि परवाचे तेरवाच्या. आमच्या घरचे विरजण आईला तिच्या आईने दिलेले होते आणि तिला तिच्या आईने. त्यापलीकडे कोणाला माहीत नव्हते, पण विरजणाला माहीत असणार.

आईचे दोन नियम होते. पहिला नियम, बरणी कधी पुरती रिकामी करायची नाही. तळचा एक चमचा राखायचा. तो वाटीत काढून मला नुसत्या गरम पाण्याने विसळत आणि परत माझ्यात घालत. साबण मला ठाऊकच नव्हता. दुसरा नियम, विरजण घराबाहेर द्यायचे नाही, दिले तर घरातली बरकत जाते. द्यायचे ते फक्त लेकीला, ती घर सोडून जाते तेव्हा.

थोरलीने घर सोडले ते समुद्रापलीकडे जाण्यासाठी. तिच्या नवऱ्याला एका परक्या देशात कारखान्यात फिटरची नोकरी लागली होती. आईने एक स्वच्छ सुती फडके दह्यात बुडवले, सावलीत वाळवले आणि घडी करून माझ्या पोटात ठेवले. "दुधात बुडव, जागं होईल," ती म्हणाली. तिला आणखी बरेच बोलायचे होते, पण तिने फडक्याची घडीच पुन्हा पुन्हा नीट केली.

उतरल्यावर तिथल्या तपासनिसाने मला उघडले. वास घेतला, नाक मुरडले आणि हे काय म्हणून विचारले. "फडकं आहे," थोरली म्हणाली. खोटे काहीच नव्हते. एवढ्या मोठ्या तपासणीतून आमचे सगळे घराणे एका कळकट फडक्यात बसून पार झाले. माझे झाकण मात्र त्या आदळआपटीत फुटले. तेव्हापासून माझ्या डोक्यावर बशी आली.

त्या देशात थंडी म्हणजे थंडी. पहिल्या दिवशी थोरलीने फडक्याचा अर्धा तुकडा दुधात घातला. सकाळी पाहते तो दूध जसेच्या तसे. ती रडकुंडीला आली. दुसरा अर्धा उरला होता आणि तो वाया गेला तर सगळेच संपले. मग तिने नवऱ्याची लोकरीची टोपी मला घातली, वर शाल गुंडाळली आणि भिंतीतल्या गरम पाण्याच्या नळाशी मला टेकवून ठेवले.

"नवऱ्यापेक्षा बरणीचे लाड जास्त," फिटर म्हणाला. "मी टोपीशिवाय जायचं कामावर?"

"कान झाकून जा. एका दिवसाने काही झडत नाहीत."

दुसऱ्या सकाळी मी घट्ट लागले होते. चमचा घातला तर कडा तुटावी तशी कवडी निघाली. फिटरने पहिला घास खाल्ला. त्याने वाटी धरून खिडकीकडे तोंड केले. टोपी त्याने पुन्हा मागितली नाही, नवी घेतली.

मित्रांनो, नंतरची वर्षे माझ्या वैभवाची. रविवारी त्या छोट्याशा स्वयंपाकघरात आपल्याकडची माणसे जमत. त्यात एक बसचालक होता, एक केस कापणारा होता, दोघी-तिघी शिवणाच्या कारखान्यातल्या होत्या. जेवायला काहीही असो, शेवटी सगळे माझ्याकडे बघत. पहिला चमचा तोंडात गेला की गोष्टी सुरू. कोणाची आजी दुधावरची साय लपवायची, कोणाची आई अंगणात चूल मांडायची, कोणाकडे पाहुणा आला की भाकरीचे तुकडे कमी आणि हसणे जास्त. बसचालक दर रविवारी एकच गोष्ट सांगे आणि दर रविवारी एकाच जागी त्याचा आवाज फाटे. मग कोणीतरी विचारायचे, "वहिनी, विरजण कोणाचं?" थोरली ताठ बसून सांगायची, "माझ्या आईचं, तिच्या आईचं, तिच्या आईचं." त्या वेळी मी बशीखाली फुगून जायची.

समोरच्या दारात एक शिंपीणबाई राहायची. ती आणखी तिसऱ्याच देशातून आलेली. दोघींची भाषा मोडकीतोडकी, पण आईच्या स्वयंपाकघराविषयी बोलताना त्यांचे कधी अडले नाही. शिंपीणबाईकडे पाव आंबवायचे जुने पीठ होते, तेही तिच्या आजीपासूनचे. एकदा तिने त्याचा गोळा थोरलीला आणून दिला, अगदी सहज, वाटीभर साखर द्यावी तसा. आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मला यातलं थोडं?"

थोरली गोरीमोरी झाली. तिने मोठी वाटीभर दही दिले, पण वर म्हणाली, "खाऊन टाका हं. पुढे लावायचं नसतं. आमच्यात देत नाहीत." शिंपीणबाईने मान डोलावली आणि सांगितले तसे खाऊन टाकले. ती शब्दाची पक्की होती. मला मात्र ते आवडले नाही. घेताना हात पुढे आणि देताना मागे, हे माझ्यासारख्या उघड्या तोंडाच्या भांड्याला पटत नाही.

पुढे थोरलीची लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरी निघाली. थोरलीने नियमाप्रमाणे तिला डबीत विरजण दिले. लेक हसली, "आई, तिथे खालीच दुकान आहे गं," आणि डबी दाराजवळच्या फळीवर विसरून गेली. ते विसरणे होते की नाही, हे मी कसे सांगू? थोरलीने डबी परत माझ्यात रिकामी केली.

मग थोरलीच्या मुलाचे लग्न झाले आणि सून आली. ती दवाखान्यात परिचारिका होती, पोरगी कामाची आणि मायेची. तीही आपल्याच माणसांतली, पण तान्ही असताना या देशात आलेली. आईवेगळी वाढली, त्यामुळे तिच्याकडे आठवणीसुद्धा दुसऱ्यांकडून ऐकलेल्याच. ती नवऱ्याबरोबर शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. एकदा तिने भीत भीत विचारले, "आई, मला द्याल थोडं विरजण? माझ्याकडे दही लागतच नाही नीट."

"अगं, ते लेकीला देतात," थोरली म्हणाली. "आणि इथे आहेच की. हवं तेव्हा ये, खाऊन जा. तुला वेगळं कशाला?"

"बरं," सून म्हणाली. तिने पुन्हा कधी विचारले नाही. आणि विरजण कसे राखायचे, तळचा चमचा कशासाठी, हेही तिला कधी कोणी सांगितले नाही. द्यायचेच नाही तर सांगायचे कशाला, असा हिशेब झाला.

वर्षे गेली. तिकडे आई गेली, इकडे फिटर गेला, बसचालक गेला, रविवार रिकामे झाले. शिंपीणबाई आपल्या मुलाकडे राहायला गेली आणि तिथेच वारली. थोरली एकटीसाठी पावशेर दूध लावू लागली. मी अर्धीसुद्धा भरत नव्हते, पण तळचा चमचा चुकला नाही.

आणि एक दिवस धाकटीचा फोन आला. फोन स्वयंपाकघरातच होता, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"ताई, आईचं विरजण गेलं गं माझ्याकडचं. चार दिवस लग्नाला गेलो, आलो तर बुरशी. कोणाकडे मागू? आपण कोणाला दिलंच नव्हतं. आता पिशवीतलं खातोय. तुझ्याकडे आहे ना?"

"आहे," थोरली म्हणाली आणि तिने माझ्यावर हात ठेवला. "मी घेऊन येते. आईने दिलं तसं फडक्यावर वाळवून आणते. रडू नकोस."

म्हणजे आता साऱ्या जगात ते विरजण एका ठिकाणी उरले होते, माझ्या पोटात. मला त्याचा अभिमान वाटला. भीती वाटायला हवी होती.

तिकीट आले. निघायला पंधरवडा असताना थोरली जिन्यात घसरली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. तिला दवाखान्यात नेले, तिकीट पुढे ढकलले आणि मी नळाशी तशीच राहिले. नळ गरम, खोली बंद. माझ्यातले दही आंबून फसफसले, वर पिवळा थर आला, वास जिन्यापर्यंत गेला. पण मित्रांनो, खाली, अगदी तळाशी, ते जिवंत होते. एक चमचा ताज्या दुधात घातला असता तर दोन दिवसांत सावरले असते.

सासूबाई घरी येणार म्हणून सून घर आवरायला आली. तिने चादरी बदलल्या, फरशी पुसली, औषधांसाठी फळी रिकामी केली. मग तिला माझा वास आला. परिचारिकाच ती! तिने बशी उचलली, "अगं बाई" म्हणाली आणि मला मोरीत उपडे केले. उकळते पाणी, साबण, ब्रश, पुन्हा उकळते पाणी. इतक्या प्रेमाने मला कोणी कधी घासले नव्हते. मी ओरडले, पण बरणीचे ओरडणे बरणीच्या पोटात राहते. एवढ्यावर ती थांबली नाही. जुन्या सामानाच्या दुकानात हिंडून तिने मला बसेल असे तपकिरी झाकण शोधून आणले. इतक्या वर्षांनी मला झाकण मिळाले, आणि तेव्हा झाकायला आत काहीच उरले नव्हते.

थोरली काठी टेकत घरी आली. सून उत्साहाने मला घेऊन पुढे गेली. "आई, बघा तरी! कशी नवी कोरी झाली. आणि हे झाकण!"

थोरलीने झाकण उचलले. वास घेतला. साबणाचा वास होता. ती हळूच खुर्चीवर बसली.

"यातलं दही होतं ते?"

"टाकलं. पार फसफसलं होतं हो. तुमच्या पोटात गेलं असतं तर?" मग सुनेने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. "आई, माझं काही चुकलं का?"

थोरलीने झाकण हातात फिरवले. "नाही गं," ती म्हणाली. "झाकण छान बसलंय."

त्या दिवशी तिने समोरच्या बंद दाराकडे किती वेळा पाहिले, ते मी मोजले नाही. त्या दारात एक वाटी गेली होती आणि "खाऊन टाका" म्हणून सांगितले होते. सुनेने मागितले होते. दोन घरी ते असते तर आज एक हाक मारली की झाले असते. राखता राखता तिने ते संपवले, हे तिला कळले, आणि ते मला तिच्या हातावरून कळले. तो हात माझ्या काठाचा टवका चाचपत होता.

धाकटीचा फोन रोज यायचा. "ताई, पाय कसा आहे? आणि विरजण?" पहिल्या दिवशी थोरली सांगणार होती, दुसऱ्या दिवशीही सांगणार होती. शेवटी एका सकाळी तिने खालच्या दुकानातून दही मागवले, एक सुती फडके त्यात बुडवले आणि वाळत घातले. तेव्हा तिने माझ्याकडे पाठ केली होती.

पाय सावरल्यावर थोरली निघाली आणि अशी मी माघारी आले, जिथे माझी भट्टी होती त्या देशात. धाकटीने दारातच मला छातीशी धरले. ऊब भरपूर होती, टोपीची गरज पडली नाही. सकाळी दही लागले. धाकटीने चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि तिच्या गालांवरून पाणी वाहू लागले.

"हेच गं, ताई. हीच आईच्या हातची चव."

थोरलीने तोंड उघडले. पण धाकटी वाट्या भरायला लागली होती.

"हे कोणाला?"

"शेजारी देते. पलीकडच्या सुनेला, वरच्या काकूंना. सगळ्यांना सांगते, लावा आणि राखा."

"पण आई म्हणायची, लेकीलाच..."

"आईचं ऐकलं म्हणून तर माझं गेलं. तू होतीस म्हणून निभावलं, ताई."

धाकटी वाट्या घेऊन गेली. थोरली माझ्यासमोर एकटी उरली. तिने एक चमचा खाल्ला, मग दुसरा. ती फरक शोधत होती. आईची चव आठवायचा तिने फार प्रयत्न केला, पण दुकानातलीच चव पुढे येत राहिली. फरक तिला सापडला नाही, आणि मग मात्र ती पदर तोंडाशी धरून रडली. धाकटी परत आली आणि म्हणाली, "आईची आठवण येते ना?" थोरली म्हणाली, "हो." 

निघताना तिने मला धाकटीकडेच ठेवले. दोन फडकी मात्र दह्यात बुडवायला घेतली. एक सुनेसाठी. दुसरे बुडवता बुडवता ती थांबली, ते कोरडेच घडी करून पिशवीत ठेवले. शिंपीणबाई कधीच गेली होती.

आता मी इथे असते. रोज भरते, रोज वाहवा मिळवते, झाकणही छान बसते. मित्रांनो, तुमच्या घरात आजी, मावशी, शेजारीण काही राखत असेल, तर ते कसे राखतात हे आजच विचारा. आणि तुमच्याकडे कोणी मागितले तर हात मागे घेऊ नका, दोन चमचे द्या, सोबत नियमही सांगा. एकाच बरणीत ठेवलेले एका धुण्यात जाते.

गल्लीतली पोरे वाटी घेऊन येतात आणि विचारतात, "आजी, विरजण कोणाचं?" धाकटी ताठ बसून सांगते, "माझ्या आईचं, तिच्या आईचं, तिच्या आईचं." पूर्वी हे ऐकून मी फुगायची. आता झाकणाखाली गप्प बसते.