कानांत कापूस

कानांत कापूस घालून विद्युल्लताबाई मध्य प्रदेशातल्या धारच्या शिक्षक-प्रशिक्षणात बसल्या होत्या. समोरचे प्रशिक्षक आवाज न काढता, नुसते ओठ हलवून हिंदीत बोलत होते. ऐकू न येणाऱ्या मुलाचं वर्गात काय होतं ते शिक्षकांना कळावं, म्हणून हा खेळ. सत्तावीस वर्षं हिंदीत शिकवूनही बाईंना काडीचं कळेना.

शेजारच्या नीलकंठ सरांनी वैतागून तसेच ओठ हलवले, चहा कधी मिळणार? ते मराठीत होतं आणि बाईंना लख्ख कळलं.

हसू यायच्या आधीच त्यांना कृतिका आठवली. नालछ्याच्या शाळेत त्यांच्या वर्गातली ही मुलगी मराठी घरातली, तिला ऐकू येत नव्हतं, आणि बाई तिच्याशी हिंदीतच बोलत. ‘पालथ्या घड्यावर पाणी’ म्हणत तिला इंदूरच्या मूकबधिर मुलांच्या वसतिगृहात पाठवायच्या अर्जावर बाईंनीच शनिवारी सही केली होती. आज तीनला तिला न्यायला शाळेत गाडी येणार होती. बाई कानांतला कापूस काढून उठल्या.

“ताई, हजेरी बाकी आहे,” नीलकंठ सर म्हणाले.

“मेली ती हजेरी.”

नालछ्याची बस प्रत्येक खेड्याला थांबत होती. बाईंना कंडक्टरचा राग येत होता आणि त्याहून जास्त स्वतःचा.

शाळेच्या ओट्यावर कृतिका बॅग पाठीला लावून आईजवळ बसली होती. बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. सावकाश मराठीत म्हणाल्या, “जेवलीस का?”

मुलगी नुसती बघत राहिली.

“आता नाही समजत तिला, मॅडम,” तिची आई अंजू म्हणाली. “पहले घरी ओठ बघून सगळं समजायची. तुम्हीच बोलल्या ना, घरी पण हिंदीच बोला, तभी शाळेत चलेगी. दो साल झाले. आजीला पण आम्ही मराठी बोलू देत नाही.”

बाईंना आठवलं. हा सल्ला त्या प्रत्येक मराठी घराला देत आल्या होत्या, आणि फार अभिमानाने.

हेडमास्तर भूपेंद्र सर बाहेर आले. “मॅडम, गाडी आ रही है.”

“अर्ज वापस लेना है, सर.”

“कारण क्या लिखूँ?”

“गलती शिक्षिका की है, लिखिए.”

“सोच लीजिए. ऊपर से पूछेंगे.”

“पूछने दीजिए.” मग त्या अंजूकडे वळल्या. “ठेवाल का तिला? घरी मराठीच बोला. वर्गात मी बोलेन.”

अंजूने मुलीच्या पाठीवरची बॅग उतरवून घेतली.

बाईंनी पुन्हा विचारलं, “जेवलीस का?” कृतिकाला याही वेळी कळलं नाही. पण तिने बाईंच्या ओठांवरून नजर हलवली नाही, म्हणून बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.