आक्काचा आवाज

यल्लव्वा गेली ते गणपतीला फाउंड्रीत कळलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्या दिवशी भट्टी लागली होती, ओतकाम ऐन भरात होतं, आणि ऑफिसातला क्लार्क दारातूनच ओरडला, "कांबळे, कोडोलीचा, घरचा फोन हाय, पळा!" फोनवर धाकटा भाऊ बुद्धभूषण होता. त्याला बोलताच येईना. शेवटी शेजारची झुंबरबाई फोनवर आली. वहिनी नळावर कोसळल्या, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं, असं तिनं सांगितलं. डोक्यातली शीर फुटली होती. सकाळी डबा देताना यल्लव्वाचं डोकं दुखत होतं. "तुम्ही गेल्यावर जरा पडते," एवढंच म्हणाली होती.

निपाणीच्या दोघी बहिणी दोघा भावांना दिलेल्या. थोरली यल्लव्वा गणपतीला, धाकटी संघप्रिया बुद्धभूषणला. संघाला लग्नानंतर काही वर्षांनी आवाज ऐकू यायला लागले. भिंतीतनं कोण शिव्या देतंय म्हणायची, रात्रभर भिंतीला उत्तरं द्यायची. अंगारे-धुपारे करा सांगणारे पुष्कळ भेटले. यल्लव्वानं कुणाचं ऐकलं नाही. बहिणीला एसटीत घातली आणि कोल्हापूरला डोक्याच्या डॉक्टरकडं नेली. गोळी सुरू झाली आणि महिनाभरात भिंत गप्प बसली. पुढं रोजची गोळी यल्लव्वाच द्यायची. "आ कर. जीभ उचल," म्हणून तोंडात बघायची. बुद्धभूषण अंधारातच डेअरीला जायचा, गोळी देण्यातलं त्याला काही ठाऊक नव्हतं.

दुखवट्यात गोळ्या संपल्या आणि ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. जलदान विधी झाला, पाहुणे पांगले, आणि एक दिवस संघा चुलीपुढं बसून एकटीच हसायला लागली.

"आण्णा, तू कोल्हापुरात कामाला जातोस, गोळ्या तेवढ्या आण," बुद्धभूषण म्हणाला. "आन् आता देत बी तूच जा. मला न्हाय जमायचं."

गणपती डॉक्टरकडं गेला. त्याचीही दशा बरी नव्हती. घास उतरत नव्हता, सावरीच्या कापसासारखी झोप उडायची, भट्टीपुढं उभ्या उभ्या डोळ्यांतनं पाणी यायचं. डॉक्टरनं संघाची चिठ्ठी लिहिली, त्याच्याकडं बघितलं आणि दुसरी चिठ्ठी त्याच्यासाठी लिहिली.

"ही तुमची, उदासीची," डॉक्टर म्हणाले. "गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, मधेच सोडू नका. खचलेलं मन ती हळूहळू वर आणते. संघाताईंची वेगळी. नसलेलं जे ऐकू येतं, खोटं असून खरं वाटतं, ते ती थांबवते. तुमची त्यांना चालायची नाही. झोप उडेल, आजार वाढेल."

"माझ्या गोळीनं बायको इसरंल का?"

"नाही हो. कुठल्याच गोळीनं तसं होत नाही."

दोन्ही पाकिटं घेऊन तो घरी आला. संघा भाकऱ्या थापत होती. मान वर न करता म्हणाली, "दाजी, आक्का म्हणतीया, ह्या माणसाला म्हणावं दाढी कर. अस्वल दिसाय लागलाय."

गणपती उंबऱ्यातच बसला. अगदी असंच ती म्हणाली असती.

"आनी काय म्हणती?"

"डब्याचं झाकण नीट लाव म्हणती. पिशवीत आमटी सांडती आन् मग बायकोच्या नावानं खडे फोडतंय म्हणती."

तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला. संघा बहिणीच्या हाताखाली वाढलेली, तिची बोलण्याची ढब हिच्या कानात असणारच, हे त्याला कळत होतं. तो खुळा नव्हता. पण संघाची गोळी संघाला दिली की हे बोलणं थांबणार, हेही त्याला कळत होतं. त्यानं पिशवीतनं स्वतःचं पाकीट काढलं, त्यातली एक गोळी तिच्या हातावर ठेवली. तिनं गोळी बघितली, मग त्याच्याकडं बघितलं, आणि गिळली.

"गोळी दिलीस न्हवं?" जेवताना बुद्धभूषणनं विचारलं.

"दिली की."

मग रोज तेच चाललं. कामावरनं आला की तो हातपाय धुऊन चुलीजवळ बसायचा. "आज काय म्हणाली?" संघा सांगायची. कधी शिव्या, कधी निपाणीतल्या लहानपणाच्या गोष्टी, कधी नुसतं, "दमलाय, चहा दे त्यास्नी." त्याला भूक लागायला लागली. फाउंड्रीतली पोरं म्हणाली, "मामा, तोंडावर कळा आली की वो!"

हळूहळू संघाची झोप गेली. रात्री ती घरामागच्या परड्यात फेऱ्या मारायची, बोलणं तुटक झालं. एका संध्याकाळी त्यानं विचारलं तेव्हा ती चुलीतली राख उकरत राहिली. मग म्हणाली, "आक्का मला म्हणतीया, तू बी ये. मला एकटीला करमंना."

हे यल्लव्वाचं बोलणं नव्हतं. ह्या पोरीला जगवायला तिनं जिवाचं रान केलं होतं. गणपती उठला, कपाटातनं खरं पाकीट आणलं.

"संघा, ही घे. ए पोरी, घे की."

"ती नगं. तिनं आक्का गप्प बसती." ती त्याच्याकडं बघत होती. "तुम्हीच दुसरी दिलीसा. तुमास्नी बी ऐकायचं हुतं की दाजी."

त्यानं हाता-पाया पडून बघितलं. तिनं दात आवळून धरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विहिरीच्या काठावर वाकून कुणाशी तरी बोलत होती. झुंबरबाईनं पदर धरून मागं ओढली म्हणून वाचली. त्याच दिवशी दोघा भावांनी तिला जीपमधनं डॉक्टरकडं नेलं.

"गोळ्या चालू होत्या ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक दिस चुकला न्हाय, सायेब," बुद्धभूषण म्हणाला. "आण्णा सोता देतो."

डॉक्टरांनी गणपतीकडं बघितलं. गणपतीनं होय म्हणून मान हलवली.

"म्हणजे ही गोळी आता पुरी पडत नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी जास्त जोराचं औषध लिहिलं, वर इंजेक्शन सुरू केलं. निघताना त्यांनी गणपतीला विचारलं, "तुम्हाला कसं वाटतंय?"

"बरं हाय."

"मग तुमची गोळी लागू पडली म्हणायची."

इंजेक्शननं आवाज बंद झाला. पण संघाचं अंगही लाकडासारखं झालं. पाय फरफटत चालते, तोंडातनं लाळ गळते, भाकरी थापायला हात वळत नाहीत. बुद्धभूषण आता डेअरीवरनं आला की स्वतःच चूल पेटवतो. एकदा तवा आपटून तो म्हणाला, "हिच्यापरास ती आवाज ऐकत हुती ती बरी हुती." गणपती खाली मान घालून जेवत राहिला.

त्यानंतर दोनदा ते दवाखान्यात जाऊन आले. लाळेवर, ताठरपणावर डॉक्टरांनी वेगळी गोळी दिली, थोडा फरक पडला. डोस उतरवायचं बुद्धभूषणनं विचारलं तर म्हणाले, "धीर होत नाही. जुनी गोळी रोज घेत असताना एवढं झालं. सोडली असती तर गोष्ट वेगळी, परत तीच सुरू केली असती."

गणपती शेजारच्याच खुर्चीत बसला होता. संघाचं कोपर त्याच्या कोपराला लागत होतं.

यल्लव्वा गेल्यापासनं जुनी गोळी तिनं घेतलीच नव्हती, एवढं त्यानं डॉक्टरांना सांगायचं आहे. ते त्यानं अजून सांगितलेलं नाही.