चित्राची बाजू

“पुरल्यावरसुद्धा ती तिथेच असणार आहे ना, पुलो? मग चार वाजता फुलं वाहा की,” मॅडम लुदिविना म्हणाली आणि व्हॅनच्या काचेवर धूळ आहे का ते तिने बोट फिरवून पाहिलं.

लारेनाच्या धक्क्याला पर्यटकांची बोट नुकतीच लागली होती. रजा मागताना पुलोने टोपी काढली होती, ती हातातच राहिली.

“चर्चमधली मिस्सा अकराला आहे, मॅडम. सख्खी बहीण आहे.”

“मला ठाऊक नाही होय? शवपेटी कुणी दिली?”

मॅडम लुदिविनाचं देणं असंच असे. वस्तू एकदाच द्यायची, आठवण मात्र रोज.

“दुसरा ड्रायव्हर मी आता कुठून पैदा करू? नेहमीसारखा सान हुआनकडून जा. ते जुनं झाड दाखव, धबधबा दाखव आणि शेवटी तुझ्या बहिणीचं घर.”

“तिथे आता कोण आहे दाखवायला?”

“वाडीतली बेर्ता बसेल. पेला आहे, दगड आहे, नळी आहे. पाहुण्यांना म्हातारी हवी असते. कोणती, ते कोण विचारतंय?”

पुलोने टोपी डोक्यावर घातली. तीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला राग गिळायची सवय असते. तो कुठे साठतो, हे मात्र त्यालाही माहीत नसतं.

त्याची बहीण कोन्सोर्सिया मारिया आणि लासी या दोन गावांच्या मधल्या वाडीवर राहायची. पाण्याच्या पेल्यात काळा दगड टाकायचा, दुखऱ्या जागी पेला धरायचा आणि बांबूच्या नळीने पाण्यात फुंकायचं. पाणी गढूळ झालं की अंगणात ओतून म्हणायचं, “गेलं.” वाडीतले लोक पोटदुखीची पोरं आणायचे, केळ्यांची फणी ठेवून जायचे. मग मॅडम लुदिविनाला ती सापडली. सिकिहोर म्हणजे चेटकिणींचं बेट, असं बाहेरचे लोक म्हणत आले होतेच. मॅडमने ते व्हॅनच्या डाव्या अंगावर रंगवून घेतलं. झाडूवर बसलेली, बाकदार नाकाची, दात विचकणारी म्हातारी. कोन्सोर्सियाने ते पाहून म्हटलं होतं, “नाक माझं घेतलंय, तर दात कशाला एवढे? ते मला कधीच नव्हते.” सगळी वाडी हसली. पुलो हसला नव्हता.

बेटाला वळसा घालणारा रस्ता एकच. मॅडमच्या ठरलेल्या वाटेने निघालं की चित्र घरादारांकडे येई आणि गावोगाव जाहिरात होई. उलटं निघालं की चित्राचं तोंड समुद्राकडे. उलटं निघालं की बहिणीचं घरही आधी लागे.

धक्क्याच्या फाटकातून बाहेर पडताच पुलोने गाडी उलटी वळवली.

मागे मनिलाचे एक वकील आणि त्यांची बायको. वकिलांच्या हातात नकाशा होता.

“कुया,” ड्रायव्हरला दादा म्हणत त्यांनी विचारलं, “आपण सान हुआनला आधी जाणार होतो ना?”

“रस्ता गोल आहे, सर. कुठूनही गेलं तरी बेट तेवढंच.”

“आणि ती चेटकीण?” बायकोने विचारलं. “खरी आहे ना? माझा खांदा वर्षभर धरलाय. नाटक असेल तर मला नको.”

“खरी होती,” पुलो म्हणाला, पण आरशात न बघता.

पुलोने वेग वाढवला. रस्त्यावर मका वाळत घातला होता, त्याच्या कडेने त्याने गाडी अशी काढली की राखणीला बसलेली बाई उठून उभी राहिली. मारियाच्या चर्चपाशी वकील म्हणाले, “एक फोटो,” आणि चर्च मागे गेलं. बास्केटबॉलचं मैदान गेलं, बाजार गेला. एरवी याच गावांतून तो हात हलवत, हाका देत जायचा. आज एकेक गाव त्याने अंगावर आलेलं कुत्रं हाकलावं तसं मागे हाकललं.

अंगणात ताडपत्रीचा मांडव होता. माणसं काळ्या फिती लावून उभी होती आणि मांडवाच्या तोंडाशी बाकावर बेर्ता बसली होती. अंगात कोन्सोर्सियाचा निळा झगा. मांडीवर पेला, पेल्यात काळा दगड.

पुलो गाडीतून उतरून सरळ तिच्यासमोर गेला.

“लाज वाटत नाही, बेर्ताताई? अजून ती आत आहे.”

“तू चारला येणार होतास,” बेर्ता चाचरली. “मॅडम म्हणाल्या, बसून सवय कर.”

“झगा कुणी दिला?”

“मी दिला, तियो,” दारातून भाची निल्दा म्हणाली. “पेटी त्यांनी दिली. नाही कोणत्या तोंडाने म्हणू? तू आणली असतीस तर तुझं ऐकलं असतं.”

ते बरोबर लागलं. बरोबर लागलेलं परत फेकता येत नाही, म्हणून पुलोने बेर्ताच्या मांडीवरचा पेलाच हिसकावला. “दगड तरी सोडायचा होता. तिच्या हातातला होता तो.”

“हातातच आहे,” बेर्ता खालच्या आवाजात म्हणाली. “पेटी बंद करताना मुठीत ठेवला मी. हा किनाऱ्यावरचा. तुझ्या मॅडमला काय कळतंय?”

पुलोने पेला तिच्या मांडीवर परत ठेवला.

मागून वकिलांचा आवाज आला. “म्हणजे बाई मेलीये? आणि तुम्ही आम्हाला मयताच्या घरी आणलंत?”

“मॅडमच्या यादीत हेच घर आहे, सर. मी फक्त लवकर आणलं.”

“गाडी वळवा. आत्ता.”

“वळेल. आधी लासीच्या चर्चला जाईल. पेटी चालत जाणार, त्यामागे गाडी. ज्यांना चालवत नाही, ते बसतील तुमच्याशेजारी.”

खिशातला फोन वाजला. पलीकडून मॅडम बराच वेळ बोलली. पुलोने ऐकून घेतलं. “किल्ली धक्क्यावर ठेवतो, मॅडम,” तो म्हणाला. “दुसरा ड्रायव्हर शोधा. पेटीचं मात्र परत काढू नका. ती आता जमिनीत चालली.”

वकिलांची बायको गाडीतच बसून राहिली. दोन म्हाताऱ्या चढल्या तेव्हा ती सरकली आणि नवऱ्यालाही तिने बाही ओढून बसवलं.

पेटी खांद्यांवर निघाली. मागून पुलो पहिल्या गिअरमध्ये. डावीकडे समुद्र होता. चित्र त्याच्याकडे तोंड करून होतं, तेवढंच समाधान. पण समोरून मोटारसायकली येऊ लागल्या. पेटी बघून माणसं थांबत, टोपी काढत आणि पेटी पुढे गेली की त्यांची नजर व्हॅनच्या डाव्या अंगाला जाऊन अडके. एक पोरगा हसला आणि त्याने तोंड फिरवलं. हे काही पुलोच्या हिशेबात आलं नव्हतं. त्याने दात आवळले. गाडी सोडली तर म्हाताऱ्या उन्हात, चालवली तर हे.

आरशात त्याला निळं काहीतरी दिसलं. बेर्ता रांग सोडून गाडीच्या डाव्या बाजूला आली होती. हातात तिची काळी छत्री. डोक्यावर ऊन मी म्हणत होतं. तिने छत्री उघडली, आडवी केली आणि रंगवलेल्या तोंडावर धरली. मग गाडीच्या चाकाबरोबर पाय टाकत, उघड्या डोक्याने, ती लासीपर्यंत तशीच चालत राहिली.