आप्पांचं वजन

वस्तादांनी जिमच्या फळ्यावर खडूने पुढच्या आठवड्याच्या वजनांचे आकडे लिहिले आणि धाकटीचं तोंड उतरलं.

"हे काय? एवढं तर मी नवशिकी असताना उचलत होते."

"म्हणूनच लिहिलंय," वस्ताद म्हणाले. "डीलोड. आठवडाभर निम्म्या वजनावर यायचं. गुमान उचलायचं आणि घरी जाऊन झोपायचं."

आता वजन उचलणाऱ्याला आराम कर म्हणणं म्हणजे बडबड्याला मौन पाळ म्हणण्यातला प्रकार. स्पर्धा तोंडावर आली की या लोकांना वाटतं, चार दिवस हलकं उचललं तर कमावलेलं सगळं पाण्यात जाणार. खरं तर उलटं असतं. महिनोन्‌महिने रगडलेलं अंग त्या हलक्या आठवड्यातच भरून येतं. पण सांगणार कोण आणि ऐकणार कोण! त्यात धाकटीची ही पहिली मोठी स्पर्धा. वय चाळिशीकडे झुकलेलं, म्हणजे दुसरी मिळेल याचा भरवसा नाही.

आणि तिची कंबर धरली होती. डेडलिफ्टचा बार जमिनीवरून सुटायचा, पण गुडघ्यापाशी येऊन अडायचा. वस्तादांनी झोप विचारली, जेवण विचारलं, उभं राहायची ढब तपासली. कुठेच काही सापडेना.

"घरी काही जड काम करतेस?"

"छे! पडदे शिवते. कापडाला कसलं आलंय वजन? बाकी आप्पांना उचलते, तेवढंच."

वस्तादांचा खडू थांबला. "कुणाला?"

"आप्पांना. माझ्या वडिलांना. पाय गेलेत ना त्यांचे. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूमला, परत पलंगावर. दिवसभर चालूच असतं."

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"त्यात काय सांगायचं? ते वजन थोडंच आहे, वस्ताद? ते आप्पा आहेत."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! वस्तादांनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, भरल्या अंगाचा पुरुष. धरायला ना दांडा, ना तुझ्या कमरेला पट्टा. एकीकडे मी किलोकिलोचा हिशेब मांडतोय आणि तू घरी जाऊन आख्खा माणूस उचलतेस? ते काही नाही. त्या आठवड्यात आप्पासुद्धा उतरवायचे. दुसरं कुणीतरी बघ."

दुसरं कुणीतरी म्हणजे दादा. दादा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. माणूस वाईट नव्हता, पण 'काही लागलं तर सांग' म्हणणाऱ्यांतला होता, आणि धाकटीने आजवर काही सांगितलंच नव्हतं. या वेळी सांगितल्यावर तो मुकाट्याने गाडी घेऊन आला.

आप्पांना तिने ही बातमी हसत हसतच दिली. "वस्तादांनी तुम्हालाही माझ्या आकड्यांत धरलंय, आप्पा. म्हणतात, तेवढं ओझं आधी कमी कर."

आप्पांनी उभा जन्म क्रेन चालवण्यात घालवला होता. "बरोबरच बोलला तुझा वस्ताद," ते म्हणाले. "क्रेनवरसुद्धा लिहिलेलं असतं, याच्या वर माल लादू नये म्हणून. न वाचता लादणारा गाढव." दादाने त्यांना गाडीत बसवलं तेव्हा ते मुलाशी रस्त्यांवरून हुज्जत घालत होते. धाकटीला बरं वाटलं.

पहिल्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत झोपली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी उठताना कमरेत कळ आली नाही, आणि कळ आली नाही म्हणून ती पलंगावर बसून रडली. शिलाई मशीन चालवताना मधेच थांबून ती आतल्या खोलीकडे कान द्यायची, आणि मग आत कुणी नाही हे आठवायचं. हायसं वाटायचं. हायसं वाटल्याची लाज वाटायची. जिममध्ये चोरून एखादी प्लेट जास्त चढवावी म्हणून हात शिवशिवायचे, तर वस्ताद बारवर राखणीला बसल्यासारखे समोर खुर्ची टाकून बसलेले.

आठवडा सरता सरता ती दादाकडे गेली. आप्पा खुर्चीत होते, गळ्यापर्यंत शाल ओढून.

"मजेत आहे मी इथे," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "तुझं सांग. झोप लागते का?"

"खोटं कशाला सांगू, आप्पा? मेल्यासारखी झोपतेय."

आप्पांचा चेहरा खुलला. त्यांना पलंगावर घ्यायची वेळ झाली, तशी वहिनी पुढे आली. "सरका, वहिनी," धाकटी म्हणाली. वस्तादांना कोण सांगायला जातंय? तिने आप्पांच्या काखेखालून हात घातले आणि उचललं. ते इतके अलगद वर आले, की तीच दोन पावलं मागे गेली.

"अगं बाई! आप्पा, कापसासारखे लागताय हो! वस्तादांचा आराम लागू पडला की!" ती खळखळून हसली.

"बघ! मी म्हटलं नव्हतं?" आप्पाही हसले. वहिनी काहीतरी बोलणार होती, पण आप्पांनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती उशीचा अभ्रा नीट करत राहिली.

ही चूक वजन उचलणाऱ्यानेच करावी. दुसऱ्या कुणाला बाप हलका लागला असता, तर त्याने बापाकडे पाहिलं असतं. धाकटीने आपल्या दंडांकडे पाहिलं. घरी जाईपर्यंत ती खुशीत होती.

मग पुन्हा जड वजनांचा दिवस आला. वस्तादांनी आधी अडायचं तेवढंच वजन चढवलं. धाकटीने श्वास भरला, ओढलं, आणि बार गुडघ्यावरून सरळ वर आला.

"सुटला!" वस्ताद खुर्चीतून उठले. "शाब्बास! बघितलंस?"

धाकटी बार खाली ठेवून तशीच उभी. "पण हलका नाही लागला, वस्ताद."

"हलका कसा लागेल? आरामाने कंबर मोकळी होते, लोखंडाचा कापूस होत नाही. वजन आहे तेवढंच आहे."

"मग आप्पा..." ती म्हणाली. पट्टा तिथेच टाकून, पकडीसाठी हातांना लावलेल्या खडूनिशी ती दादाकडे निघाली.

दार वहिनीने उघडलं आणि तिला बघताच रडायलाच लागली. "दोन घास खातात आणि ताट सारतात गं. पाणीसुद्धा घोटभर. मला वाटलं, माझ्या हातचं गोड लागत नाही. तुला कळवू नको म्हणून शपथ घातली मला. डॉक्टर येऊन गेले सकाळी. उद्या दवाखान्यात न्यायचंय."

आतल्या खोलीत आप्पांची शाल खाली सरकली होती. खांद्यांची हाडं वर आली होती, गालफडं बसली होती. हे सगळं त्या दिवशीही असंच असणार. धाकटीचा आवाज चढला. "का? का केलंत हे, आप्पा?"

"ओरडू नकोस. सुनेला किती वेळा बाथरूमला न्यायला लावू? लाज वाटते मला. कमी खाल्लं की कमी उठावं लागतं." मग त्यांनी आवाज खाली आणला, आणि डोळ्यांत चक्क आनंद दिसला. "पण त्या दिवशी तू उचललंस आणि काय हसलीस गं! म्हटलं, हे तर बरंच झालं. आता परत येईन तो तुला झेपेल असाच येईन."

दादाने दुधाचा ग्लास आणून दिला. धाकटीने तो त्यांच्या ओठांशी नेला. आप्पांनी तोंड फिरवलं.

"तुझी स्पर्धा होऊ दे. मग पितो."

"खड्ड्यात गेली स्पर्धा! नाही जात मी. आधी हे प्या."

"माझ्यापायी सोडलीस, तर पाण्यालासुद्धा शिवणार नाही. सांगून ठेवतो."

"आप्पा, पाया पडते. तुम्ही मला कधीच जड झाला नाहीत."

"खोटं बोलू नये," आप्पा मायेने म्हणाले. "मी गेल्यावर किती छान झोपलीस, तूच सांगितलंस ना?"

धाकटी ग्लास धरून बसून राहिली. झोप खरंच फार छान लागली होती.