वाकडे ठिपके

लोहाऱ्यात सरळ ठिपक्यांची रांगोळी बघायची तर प्रेमाबाईच्या दारात. नांदायला आली तेव्हापासून उंबऱ्यापुढची जागा तिची. धाकटी जाऊ पार्वतम्मा नुसता रंग भरायची. तिचे ठिपके दारू प्यायल्यागत जातात, असं प्रेमाबाई चारचौघींत सांगायची आणि पार्वतम्मा हसून घ्यायची.

त्याच पार्वतम्माची नात शिवरंजनी पुण्यात संशोधक झाली. मठात सत्कार झाला, तेव्हा तिनं आपलं काम समजावून सांगितलं. हाडाच्या मगजात कोऱ्या पेशी असतात, पुढं काय व्हायचं ते अजून न ठरलेल्या. त्या ती बारीक खड्ड्यांच्या चकतीवर वाढवते. खड्डे असे, की केसाच्या जाडीत शेकडो मावावेत. ते नेमक्या रांगेत असले की पेशी कोऱ्याच राहतात. जरा इकडंतिकडं सरकवले की औषधाचा थेंब न घालता त्यांचं हाड व्हायला लागतं. मोडक्या खुब्यात बसवलेला धातू हाडानं धरावा, म्हणून ही खटपट.

"हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आमच्या अज्जीचे ठिपके आठवले," ती म्हणाली. मठभर टाळ्या पडल्या. पार्वतम्मा पदराआड लाजली. प्रेमाबाईनं तेवढी टाळी वाजवली नाही.

घरी येताच तिनं पोरीला गाठलं. "म्हंजी माझ्या ठिपक्यांवर नुसतं बसून ऱ्हायचं, अन् हिच्या ठिपक्यांवर हाड धरायचं, व्हय?"

"मोठी अज्जी, कोऱ्या पेशी जपाव्या बी लागतात. त्याला तुमचेच ठिपके."

ही समजूत काढणं चाललंय, एवढं प्रेमाबाईला कळत होतं. त्यात सुनांनी ठरवलं, उद्या पोरीला भेटायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी रांगोळी धाकट्या सासूबाईंनीच घालावी.

सकाळी सगळ्यांच्या आधी उठून प्रेमाबाईनं सडा टाकला. आज आपणच वाकडे ठिपके घालायचे, मग बघू कोण हिला विचारतं. पण बोटं ऐकेनात. पुसलं, पुन्हा घातलं. ओळ दोरी धरल्यागत सरळच.

मागं पार्वतम्मा उभी होती. प्रेमाबाईनं रांगोळीचा डबा तिच्याकडं ढकलला. "घाल तुझा ठिपका. हाड धरणारा."

पार्वतम्मा वाकली, श्वास रोखून एक ठिपका टाकला. सरळ. अगदी ओळीत.

"आजच बरा सरळ पडला गं तुझा?"

"जल्मभर तुमच्यासारखा पडावा म्हणून जीव जळत होता, अक्का," पार्वतम्मा म्हणाली.

प्रेमाबाईनं डबा दोघींच्या मधे ओढला. मग सरकून तिनं आपल्या शेजारी जागा केली.

"बस. पण रांग माझीच ऱ्हाईल."