बार खदानीवर, हादरा भीमनगरात

खदानीला लागून असलेली घरं हलत न्हाईत आन् मैलभर लांब भीमनगरात माझं, पारूबाईचं, घर हलतं, हे कुणाला पटावं? भर ग्रामसभेत खदानीचा मालक बसलिंगप्पा म्हणला, "बाईला भास होऊन राहिलेत." सगळे फिदीफिदी हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या सभेत त्याला दुप्पट मोठे सुरुंगाचे बार उडवायची परवानगी मिळणार होती, आन् माझी मागची भिंत आताच हात जाईल एवढी फाटलेली. दुप्पट बारात ती उभी राहिली नसती.

मी नांदेडला फोन लावला. माझ्या भावाची लेक ज्योत्स्ना तिथं कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. पोरगी जमिनीचा हादरा मोजायच्या दोन मशिनी घेऊनच आली.

"आत्या, भीमनगर कशावर बसलंय?"

"कशावर म्हंजे? जमिनीवर."

"तसं नाही गं. आधी इथं काय होतं?"

"वढा होता. गाळानं बुजला, मंग ती जागा आमाला दिली. गाव वर कातळावर."

ज्योत्स्नानं परातीत पाणी घेतलं, परात फरशीवर ठेवली आन् फरशीवर बुक्की मारली. फरशी लगेच गप झाली, पाणी मात्र या काठावरून त्या काठावर हेलकावत राहिलं. "बघ, कातळातून हादरा झरकन निघून जातो. तुझ्या घराखाली कातळाची परात आहे आणि तिच्यात गाळ. हादरा आत शिरला की मोठा होतो, काठाला आपटून माघारी फिरतो, लवकर विझत नाही." एवढी साधी गोष्ट, आन् मला येडी ठरवली होती.

आमचं ऐकून सरपंच सत्यशीलाबाईंनी बसलिंगप्पाला बोलावून घेतलं. एक मशीन गावात मारोतीच्या पाराजवळ, दुसरी माझ्या घरात. सकाळचा बार उडाला. गावातल्या मशीनवरची रेघ जराशी थरथरली. माझ्या घरातली उंच उसळली आन् थांबायचं नावच घेईना.

"तुमची ही मशीन बिघडली हाय," बसलिंगप्पा म्हणला.

ज्योत्स्नानं मशिनींची अदलाबदल केली. मी म्हणलं, "मालक, दुपारचा बार उडंल तवा माझ्या घरात बसा. चहा ठेवते." सरपंचांसमोर न्हाई कसं म्हणंल तो?

बार झाला तसं दार खडखडलं, मांडणीवरची भांडी वाजाया लागली, ती वाजतच राहिली. मागच्या भिंतीचं ढेकूळ त्याच्या कपात पडलं. कप टाकून गडी एका चपलेवर अंगणात. मी जागची हलले न्हाई. सकाळी गावात गप बसलेली मशीन आता माझ्या घरात तशीच उंच रेघ वढून राहिली होती.

सभेत परवानगी नामंजूर झाली. भीमनगर हलणार न्हाई एवढेच लहान बार उडवायचे, असं ठरलं. बसलिंगप्पा खाली बघत पुटपुटला, "पारूबाईचं खरं होतं."

"मागपर्यंत ऐकू आलं न्हाई, मालक," मी म्हणलं.

त्यानं परत सांगितलं, मोठ्यानं. मी पदर सारखा करून सावकाश ऐकलं.