तिसरं नेटवर्क

शिरपूरच्या बसस्टँडजवळ उज्ज्वला आणि तिचा चुलतभाऊ धीरज संगणक केंद्र चालवत. नेट रखडलं म्हणून तिनं सेटिंग उघडली, तर केबल आणि वायफायच्या खाली तिसरंच अनोळखी नेटवर्क दिसलं. केंद्रातली सगळी माहिती त्यातूनच बाहेर चालली होती.

"हे कोनं लावलं?"

"फुकट सिनेमावाल्या प्रोग्रामनं. त्यानं नेटवर्क बदलाची परवानगी मांगली, मी देल्ली," धीरज हसला. "लोकायचं कोन पाहून राह्यलं?"

म्हाताऱ्या बाया पदराला पुसून विश्वासानं आधारच्या यंत्रावर अंगठा देत, त्याचा ठसाही याच वाटेनं गेला होता. तिनं प्रोग्राम काढून टाकला.

"चाबी ठेव अन् निंघ. तुले आता इथं हात लावू देत नाही."

त्यानं चाबी ठेवली. ती उचलतानाही तिला किळस आली.